चौदा पेट्या आणि दोन बैल

आमचं सामान नंदुरबारच्या स्टेशनापर्यंत कोणी न्यायचं, एवढ्याच प्रश्नावरून आमच्या मागच्या अंगणात रक्त सांडलं. तीन माणसांचं, बैल धरले तर पाच जिवांचं.

एकोणीसशे अठ्ठावीस सालचा माघ होता. आम्ही आफ्रिकेला निघालो होतो. आमचे हे, रूपचंद पाटील, घरातले धाकटे. त्यांच्या मामेभावाने युगांडात जिंजा नावाच्या गावी कापसाचं जीन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, घातलं होतं आणि त्याला कापूस ओळखणारा घरचा माणूस हवा होता. आम्हा तापीकाठच्या गुजर पाटलांना ती ओळख वेगळी शिकवावी लागत नाही. चार बोटांत रुई ओढून हे सांगायचे की ती काळ्या रानातली आहे की नदीकाठची. पाच दिवसांनी मुंबईहून आगबोट सुटणार होती. चौदा पेट्या भरून ओट्यावर रचून ठेवल्या होत्या. हंडे, गोधड्या, माझी दळायची घट्टी, कंदिलाच्या काचा, आणि जीनला लागणारे चामड्याचे रूळ. रूळ वेळेवर पोचले नाहीत तर हंगाम जाणार होता, म्हणून ह्यांचा जीव त्या पेट्यांत अडकला होता.

नंदुरबारला जायचं तर तापी ओलांडावी लागे. पूल नव्हता. माघात पाणी मांडीएवढं असतं; पण दोन्ही काठांची वाळू मोठी फसवी.

माल न्यायला दोघे तयार होते. एक लोणखेड्याचा दगा गाडीवान. त्याच्या तीन गाड्या होत्या, आणि मंगळ्या-तांबड्या नावाची बैलजोडी अशी की जत्रेत लोक तिला हात लावून बघत. दुसरा रायसिंग, स्टेशनासमोरच्या मोटार कंपनीचा मुकादम. खाकी कोट, पायात बूट, कानावर पेन्सिल. त्या दिवशी तो कंपनीची लॉरी घेऊनच आला, आम्हाला दाखवायला.

लॉरी अलीकडच्या काठाला वाळूत रुतली ती रुतलीच. चाकं जागच्या जागी फिरायची आणि वाळू मागे उभ्या लोकांच्या तोंडावर उडायची. अर्धं गाव नदीवर लोटलं.

"अरे, तिले कडबा टाका कोनी!"

"शेपटी पिळ रे रायसिंग, बिगर शेपटी पिळ्यानं कोनी चालस का?"

माझे जेठ, ह्यांचे थोरले भाऊ पितांबर पाटील, गावचे पोलीस पाटील होते. ते धोतराचा सोगा हातात धरून सगळ्यांत मोठ्याने हसत होते. शेवटी दगाने मंगळ्या-तांबड्याला जुंपलं आणि तोंडाने नुसतं 'हां' म्हणून लॉरी वर काढली. काढल्यावर तो बैलांच्या कपाळावर हात फिरवत बसला, रायसिंगकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. रायसिंगला हसण्यापेक्षा तेच जास्त लागलं असेल, असं मला आता वाटतं.

तरीही तो आमच्याकडे आला. मागच्या अंगणात बाजेवर बसून ह्यांना समजावू लागला. मी चुलीच्या खोलीच्या दाराआड होते.

"वाळूमा एक डाव फसनी, मान्य शे. पन सडकवर दोन घंटामा स्टेशन, रूपचंदभाऊ. गाडीवर दीड दिन. काचा पोचावन्या शेतस का काचनी भुकी? मुंबईले गोदीमा आमना मानूस शे. तो पेटीवर नाव रंगाडी, बोटमा चढाडी, मंग तुमी निस्ते पान खाई ऱ्हा."

दगा भिंतीशी उकिडवा बसला होता. "मन्ही गाडीमा बाळंतीण बाई जास," तो म्हणाला. "लेकरू जागं व्हस नही. मुंबईनं माले ठाऊक नही. स्टेशनपावत मी, आन रस्तामा राखनले दिवाल्या जागल्या संगे."

ह्यांना मोटार पटत होती, पण गावासमोर ती रुतलेली त्यांनी पाहिली होती. जेठांनी त्यांची वाट पाहिली नाही. "दगा नेई," ते म्हणाले. "उजाडलं का भरा."

रायसिंग उठला. वाटलं, जाईल. तो वळून सरळ माझ्या दाराच्या रोखाने चालत आला, बुटांसकट, तुळशीच्या ओट्यापर्यंत. "वहिनी, हंडा-भांडा तुमना शेतस. तुमी तरी सांगा..."

जेठांनी मागून त्याची कॉलर धरली आणि त्याच्या कानशिलात मारली. पेन्सिल उडून वृंदावनाला लागली. दुसरी मारली तेव्हा त्याचा ओठ फुटला. "बूट लिसन तुळशीजवळ? आमनी बाईसंगे बोलस?"

रायसिंगने ओठ पुसला, टोपी उचलली. नदीकाठच्या धर्मशाळेपाशी लॉरी उभी होती, तिकडे चालता झाला.

तो गेल्यावर दगाने बैल रात्रीपुरते आमच्याच मागच्या अंगणात बांधले, आणि दिवेलागणीला मी अंगण पुन्हा सारवलं. तुळशीपर्यंत बूट आले होते, ते तसं ठेवून दिवा लावणं मला जमेना. शेण घट्ट होतं, हात गार पडले, पण मागच्या दारापासून बैलांच्या खुंट्यापर्यंतचा सगळा पट्टा मी सारवून काढला. हे कोणी पाहिलं नव्हतं. पुरुष पुढच्या ओट्यावर पेट्यांना दोर बांधत होते.

सकाळी रोजच्या वेळेला उठले, अजून चांदण्या होत्या. कंदील खाली ठेवून सडा-सारवण घ्यायला बसले. तुळशीपासून दोन हातांवर, ओलसर शेणात एक बुटाचा ठसा होता. टाचेला लोखंडी नाल, अर्ध्या चंद्रासारखी. नालेवरच्या खिळ्यांच्या डोक्यांचे वण स्पष्ट उठले होते. आतल्या बाजूचा एक वण मात्र नव्हता. माझ्या मनात आलं ते एवढंच की, हा मेल्याचा पाय अजून इथेच आहे. आणि मी हाताने शेण ओढून तो बुजवला. पुढे आणखी दोन-तीन होते, तेही बुजवले. बैल पलीकडे अंधारात बसलेले दिसत होते. त्यांचा श्वास जोरात चालला होता. मला वाटलं, काल मोटार ओढून दमलेत.

फटफटलं आणि दगाची किंकाळी आली.

मंगळ्या-तांबड्याच्या तोंडाला कोणीतरी पोत्याच्या सुतळीने करकचून मुसकं बांधलं होतं, आणि दोघांच्या मागच्या पायांच्या शिरा टाचेच्या वर कापल्या होत्या. चारी पाय. दगाने मुसकं सोडलं तेव्हा मंगळ्या उठायला गेला. पुढचे पाय रोवले, मागचा भाग वर आलाच नाही. पुन्हा उठायला गेला. तांबड्या प्रयत्न करत नव्हता, दगाकडे बघत होता. खाली रक्त मातीत मुरून काळं झालं होतं. असं जनावर मारताही येत नाही, जगवताही येत नाही. दगा कधी एकाच्या गळ्यात पडत होता, कधी दुसऱ्याच्या, आणि मध्येच स्वतःच्या तोंडात मारून घेत होता.

"दिवाल्या!" जेठ गरजले.

दिवाल्या आमच्या गावचा जागल्या. भिल्ल; त्याचा बाप मोलगीच्या डोंगरातून खाली येऊन इथे राहिलेला. गावात चोरीमारी झाली की पाऊल काढायचं काम जागल्याचं. पाऊल सापडलं की तो त्यावर पाटी पालथी घालतो, पंचांना दाखवतो, आणि माग काढत जातो. दुसऱ्या गावच्या शिवेत पाऊल शिरलं की जबाबदारी त्या गावाची. पाऊल सापडलं नाही तर जबाबदारी त्याची. त्याबद्दल घराघरातून त्याला खळ्यावर दाणा मिळतो.

दिवाल्या पाटी घेऊनच धावत आला. रात्रभर तो पुढच्या ओट्यावर पेट्यांपाशी होता, कारण त्याला तेच सांगितलेलं होतं. तो वाकला, खुंट्याभोवती फिरला. बैलांनी तडफडून तिथली माती उलटीपालटी केली होती. मग तो माझ्या सारवलेल्या पट्ट्यापाशी आला आणि थांबला. अजून ओलं होतं. माझ्या बोटांच्या रेघा त्यात दिसत होत्या. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"सारवी लिधं, माय?"

मी पदराआडून मान हलवली. तो पाटी हातात धरून तसाच उभा राहिला.

तेवढ्यात लॉरीचा भोंगा वाजला. रायसिंग परसाच्या दाराने आत आला. ओठ सुजलेला होता. "ऐकं मी, बैल पडनात म्हनीसन," तो म्हणाला. "माले राग नही, पाटील. काल जे व्हयनं ते व्हयनं. मोटार बाहेर उभी शे." मग बैलांकडे पाहून त्याने जिभेने चकचक केलं. "बाहेरना मानूस आठे कसा येई? जागल्यालेच इचारा. रूपचंदभाऊ परदेश गयात तर याना एक घरना दाणा बंद. कोनले नको व्हतं हाई जानं?"

जेठांना तेवढं पुरे होतं. त्यांच्या अंगणात, त्यांच्या शब्दावर थांबलेले बैल कापले गेले होते. कोणीतरी लगेच सापडायला हवं होतं. त्यांनी दिवाल्याच्या हातातली पाटी लाथेने उडवली. दोघा-तिघांनी त्याला धरून निंबाला बांधलं, हात मागे, दोर काखेतून. मग जेठांनी दगाची पराणी घेतली. बैल हाकायची काठी ती, टोकाला लोखंडी आर असलेली.

मी मोजलं नाही. पहिल्या काही फटक्यांना दिवाल्या ओरडला, "नही पाटील, मी नही." मग नुसता आवाज यायला लागला, शब्द नव्हते. खांद्यावरची कातडी निघाली. एक फटका तोंडावर बसला तेव्हा त्याने दोन दात थुंकले आणि जिभेने जागा चाचपली, लहान मूल चाचपतं तशी. लोक गोळा झाले होते. कोणी म्हणे, "बोली टाक रे, सुटी जाशी." रायसिंग बाजेच्या कडेवर टेकून बघत होता. त्याचे बूट धुळीने भरलेले होते.

मी त्या बुटांकडे बघत होते. आणि तेव्हा, अगदी तेव्हा, मला दिवेलागणीचं सारवण आठवलं. कालचा त्याचा पाय मी कालच बुजवला होता. पहाटेचा पाय कालचा नव्हता.

जो एक ठसा दिवाल्याला सोडवणार होता, तो मी माझ्या हाताने पुसला होता.

जेठ थांबले, दम लागला म्हणून. त्यांनी भिंतीच्या फटीत खोचलेला विळा काढला. "ऊन भिंतवरथीन खाले उतरपावत बोल," ते दिवाल्याला म्हणाले. "नही तर जशी बैलनी शीर, तशी तुन्ही. दोन्ही पायनी."

ऊन भिंतीवर हातभर वर होतं.

आमच्या घरात सुनेने जेठासमोर बोलायचं नसतं. मला त्या घरात येऊन आठ वर्षं झाली होती आणि त्यांनी माझा आवाज ऐकला नव्हता. मी आतून कडी वाजवली. हे आले. मी त्यांना धान्याच्या कणगीमागे ओढलं आणि सगळं सांगितलं. दिवेलागणीचं, पहाटेचं, नालेचं, नसलेल्या खिळ्याचं.

ह्यांना नवल वाटलं नाही. तेच मला जास्त भयंकर वाटलं. ते खाली बघत म्हणाले, "माले बी तसंच वाटनं व्हतं."

"मंग सांगा ना!"

"आन माल कसामा नेऊ? तुन्हा डोकावर?" त्यांचा आवाज दबलेला होता. "दगानी जोडी गयी. बाकीना गाडीवान हाई देखीसन आज येवाव नहीत. पाच दिन शेतस. आते एकच मोटार शे, आन ती त्यानी शे."

"दिवाल्याना पाय जाई."

"दादा नुस्ता भेवाडी ऱ्हायना. कापाव नही." मग माझा दंड धरून म्हणाले, "तू काही पाह्यं नही. समजनं?" आणि बाहेर गेले.

मी कणगीला टेकून उभी राहिले. बाहेर पराणी पुन्हा सुरू झाली. मी देवाचं नाव घ्यायला लागले, पण ते घेताना माझ्या लक्षात आलं की मी ते फटक्यांच्या तालावर घेते आहे. तेव्हा थांबले आणि दार उघडून अंगणात गेले.

"मोठा दादा, त्याले सोडा," मी म्हणाले.

आवाज इतका लहान निघाला की पहिल्यांदा कोणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाले. जेठ वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, जणू भिंत बोलली असं काहीतरी होतं.

"पाऊल मी पाह्यं. बूटना पाय व्हता. टाचले नाल, आन नालना मधला बाजूना एक खिळा नही. मीच सारवी टाकं. काल दिवा लावाना टाइमले बी मी सारवं व्हतं, म्हनून तो पाय रातनाच..."

पुढचं बोलता आलं नाही. जेठांनी पराणी उलट्या हाताने फिरवली आणि ती माझ्या कपाळावर बसली. मी तुळशीच्या ओट्यावर पडले. डोळ्यात रक्त उतरलं. पदर कुठे गेला ते कळलं नाही.

"बूट देखा," निंबाकडून आवाज आला. दिवाल्या होता. तोंड फुटल्यामुळे बोबडा झालेला. "पाटील, माले मंग मारा. पहिले त्याना बूट देखा."

रायसिंग उठून उभा राहिला. तो हसला, आणि हसत हसत मागे सरकला. एवढ्याने दगाने बैलाच्या मानेवरचं तोंड वर केलं. रायसिंग परसाच्या दाराकडे वळला. दगाने झेप घेऊन त्याचा पाय धरला आणि तो पालथा पडला. रायसिंगने दुसऱ्या बुटाने दगाच्या तोंडावर दोनदा मारलं, दगाने सोडलं नाही. मग इतर पडले त्याच्यावर. कोणीतरी पाय मुरगाळून टाच वर केली.

नाल होती. आतल्या बाजूचा खिळा नव्हता. तळ आणि वरचं चामडं जिथे शिवलेलं असतं तिथे शेण होतं, आणि शेणात रक्त वाळलेलं होतं.

मग रायसिंग बोलला, मातीत तोंड दाबलेलं असताना. "हासनात ना तुमी. सारं गाव हासनं. आते हासा."

दगाने जेठांच्या हातातला विळा घेतला. जेठांनी तो घेऊ दिला. दोघांनी रायसिंगच्या पाठीवर गुडघे रोवले, एकाने बूट ओढून काढला. दगा त्या उघड्या पायाकडे क्षणभर बघत राहिला. तो पाय गोरा आणि नरम होता, बुटात राहिलेल्या पायासारखा.

इथे मला थांबावंसं वाटतं, पण लिहायला बसले आहे तर लिहिते. माझा पदर खाली पडला होता. माझं तोंड उघडं होतं. जेठांसमोर मी एकदा बोलून झाले होते, जायची ती लाज गेली होती. मला अडवणारं आता काहीही नव्हतं. दगाने विळा टाचेला लावला तेव्हा त्याचे डोळे माझ्यावरून फिरून गेले, आणि मी एक शब्द उच्चारला असता तर कदाचित तो थांबला असता. मला मंगळ्याचा श्वास ऐकू येत होता. माझ्या मनात, देवाशपथ, त्या घटकेला दया नव्हती. मी गप्प राहिले.

शीर तुटते तेव्हा आवाज होतो. जाड दोरी ताणून तोडल्यासारखा. रायसिंगची किंकाळी त्यानंतर आली. एकच पाय कापला गेला; दुसऱ्याला दगाचा हात उचलेना. त्याने विळा टाकला आणि बैलांकडे जाऊन बसला.

दिवाल्याची बायको सिंधुबाई तोवर आली होती. तिने दाताने दोर सोडवला, नवऱ्याला खांद्यावर घेतलं. माझ्यापाशी आल्यावर थांबली. माझ्या कपाळाचं रक्त तिने पाहिलं, त्याने तिला काही वाटलं नाही.

"आते बोलनी का?" ती म्हणाली. "इतला मार खावाडीसन?"

ती गेली.

मग आमचे हे पुढे झाले. त्यांनी जेठांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. लॉरीचा ड्रायव्हर दारात उभा होता, त्याला ते म्हणाले, "याले दवाखानामा नेनं शे ना? मोटार रिकामी कसाले लई जास?"

आणि चौदा पेट्या त्याच लॉरीत चढल्या. जे गडी घटकेपूर्वी रायसिंगच्या पाठीवर बसले होते, त्यांनीच त्या चढवल्या. दोर आवळले, हंड्यांची पेटी खाली, काचांची वर. मध्ये थोडी जागा ठेवली, त्यात गोधडी अंथरून रायसिंगला आडवं केलं. हे ड्रायव्हरशेजारी बसले. मी मागे चढले. मला कोणी चढ म्हणालं नाही, उतरही म्हणालं नाही. वाळूत कोणी बैल दिले नाहीत, दहा-बारा जणांनी दोर लावून लॉरी पलीकडे ओढून दिली, त्यात दुपार कलली.

रायसिंगचा पाय मी मांडीवर घेतला होता. पातळाचा पदर फाडून आवळून बांधला, तरी तो भिजत राहिला. पाऊल घोट्यापासून सैल होऊन लोंबायचं, म्हणून हाताने धरून ठेवावं लागत होतं. प्रत्येक हिसक्याला तो माझं मनगट पकडायचा. अर्ध्या वाटेवर त्याला थोडी शुद्ध आली. त्याने डोळे उघडून वरच्या पेट्या न्याहाळल्या.

"त्या रूळनी पेटीना दोर ढिला शे," तो म्हणाला. "घाटमा सरकई."

"आठे घाट नही, भाऊ."

"सुरतले गाडी बदलाडशात तवय सरकई. हमालले सांगज्यात." त्याचे ओठ पांढरे पडले होते. "वहिनी, त्या भिल्लासाठी तोंड उघाडं तुमी. मन्हासाठी नही."

"तू बैल कापात."

"हां. मी कापात." त्याने डोळे मिटले. "पन तुमी देखी ऱ्हायन्यात."

मी त्याचा पाय घट्ट धरला.

नंदुरबारला सरकारी दवाखान्यासमोर लॉरी थांबली. डॉक्टर तरुण होते, शुद्ध मराठी बोलणारे, पुण्याकडचे असावेत. त्यांनी पायावरचं फडकं उचलून पाहिलं. "हे कसं झालं?"

"मोटारीखाली आला," हे म्हणाले. ड्रायव्हरनेही मान डोलावली. "बाईले बी लागनं. ती बी मोटारमाच व्हती." ह्यांनी घड्याळाकडे पाहिलं. संध्याकाळच्या गाडीला दोन तास होते.

डॉक्टरांनी रायसिंगकडे पाहिलं. रायसिंग माझ्याकडे बघत होता. तो काही बोलणार नव्हता. बोलला असता तर बैलांचंही बोलावं लागलं असतं.

"विळ्याने कापलाय," मी म्हणाले.

"गप!" हे म्हणाले.

"लोणखेड्याच्या दगाने कापलाय. माझ्या जेठांनी विळा दिला. त्याआधी ह्या माणसाने दगाचे बैल कापले होते. त्याआधी दिवाल्या जागल्याला निंबाला बांधून मारलं, त्याचा काही अपराध नव्हता. मी सगळं पाहिलंय." शाळेत शिकलेली भाषा मी इतक्या वर्षांत बोलले नव्हते. ती अडखळत आली, पण आली.

डॉक्टर माझ्या कपाळाकडे बघत राहिले. मग त्यांनी शिपायाला हाक मारली आणि फौजदारांकडे पाठवलं.

ह्यांनी मला व्हरांड्यात नेलं. मारलं नाही. त्यांनी मला कधीच मारलं नव्हतं. "तुले समजस का काय करं तू? जबानी लिही लेतीस, मंग साहेब येई, मंग दगा, दादा, सारा जेलमा. तुले सोडाव नहीत महिनाभर. बोट जाई."

"तुमी जा," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं, मी गयावया करावी अशी ते वाट पाहत होते. मग खाली उतरले आणि ड्रायव्हरला स्टेशनाकडे चल म्हणाले.

चौदाही पेट्या संध्याकाळच्या गाडीत चढल्या. इंजिनाची शिट्टी मला तिथपर्यंत ऐकू आली. मी फौजदाराच्या कचेरीच्या पायरीवर बसले होते. पदर अर्धा फाटलेला होता, डोक्यावरून घेतला तर खांदा उघडा पडत होता. आत एक शिपाई दुसऱ्याला विचारत होता, शाईची दौत कुठे ठेवली रे. ती सापडली तेव्हा त्यांनी मला आत बोलावलं, आणि पहिलाच प्रश्न विचारला की, बाई, सुरुवात कुठून झाली.

मी म्हणाले, सामान कोणी न्यायचं, ह्यावरून.